स्टूल मी धरलं होतं

मंगळवार, ९ सप्टेंबर

तीन पानं लिहिलीस नवऱ्याला, आणि त्यात पोरगी जेवते का, तिचा हलणारा दात पडला का, याची एक ओळ नाही. तिन्ही पानं तिच्या उत्तराबद्दल. काय ते उत्तर, केवढ्या वरच्या पायरीचं, नऊ वर्षांची मुलं असं बोलत नाहीत, तुझ्या मोठ्या सरांनी दोनदा वाचलं. पोटची पोर आहे की परीक्षेचा पेपर?

हं. आता खुशाली. सूनबाई, आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. तुझा नवरा सकाळी डेपोत बसच्या पोटात शिरतो तो संध्याकाळी काळा होऊन बाहेर येतो. दात पडला. तिने तो काड्यापेटीत ठेवलाय, तुला दाखवायला.

मी पत्र लिहिते याचं नवल करू नकोस. तिसरीत शाळा सुटली, जोडाक्षरं अडतात, ती तुझी तू जोडून घे. फोनवर तुझ्याशी बोलणं माझ्याच्याने होत नाही. मी काही सांगितलं की तू म्हणतेस, "हं, मग तुम्हाला काय वाटलं, आई?" अगं, मला काय वाटायचंय! शिवाय फोन उचलते तुझी ती मदतनीस. "मॅडम मुलांबरोबर आहेत." कुणाच्या मुलांबरोबर, ते मी विचारत नाही.

लिहायला कारण झालं. पोरगी, आपली मुंगी, तुझ्या फोनला येत नाही ते तुला कळलंच असेल. एकदा पोट दुखतं, एकदा अभ्यास असतो, परवाच्या रविवारी तर मोरीत जाऊन कडी लावून बसली. नवरा तुला सांगतो, सगळं ठीक आहे. त्याला इंजिनाचा बदललेला आवाज रस्त्याच्या पलीकडून कळतो, पोरीचा शेजारी बसून कळत नाही. आधी हीच मुंगी पाय आपटत फोनपाशी बसायची. तुझ्याशी अर्धा-अर्धा तास गोष्टी-गोष्टी खेळायची. तू एक सांगणार, ती एक सांगणार, मग त्या गोष्टीतल्या माणसाने काय करावं आणि का करावं. मला तो खेळ कधी कळला नाही. मला एकदा तू विचारलं होतंस, एका मुलाने मारकुट्या मालकाचा कुत्रा लपवून ठेवला, तर त्याने काय करावं. मी म्हटलं, परत द्यावा, नाहीतर पोलीस येतील. तू हसलीस आणि म्हणालीस, "आई, तुम्ही अगदी पहिल्या पायरीवर." पहिली पायरी म्हणजे शिक्षेला भिणाऱ्यांची, हे मला मागाहून कळलं, आणि ते मी विसरलेली नाही.

माझ्या मते मुलांना बरं-वाईट कसं कळतं याच्या त्या अभ्यासासाठी तू वर्षभर परगावी निघून गेलीस, त्याचा राग आता वर आलाय. मोठ्या माणसाचा राग लगेच येतो, पोरांचा मुरतो. शाळेत काचेच्या टाकीतले मासे मेले, त्याचंही लागलं असेल. पाणीवाल्या मावशींनी साबणाचा फडका टाकीत बुडवला म्हणे. त्यांना कामावरून काढलं.

काय करायचं ते कळव. पण सोपं कळव.

सासू


रविवार, १४ सप्टेंबर

सोपं कळव म्हटलं तर तू कळवलंस, "दडपण आणू नका, मोकळे प्रश्न विचारा." विचारला. तोंडात साखर धरून विचारला, "काय गं बाळ, काय चाललंय तुझ्या मनात?" ती म्हणाली, "आजी, तू आईसारखी नको ना बोलूस." झाला तुझा मोकळा प्रश्न.

आता जे झालं ते ऐक. बसून वाच.

मी दुपारची खाली शिंपीमास्तरांच्या दुकानात असते. कात्री त्यांची, काजं, बटणं, हूक, तुरपाई माझी. मुंगी शाळा सुटली की तिथेच येते. पूर्वी उंच स्टुलावर बसून पाय हलवायची, हल्ली स्टुलाला शिवत नाही, खाली चिंध्यांच्या ढिगात बसते. माझ्या सुया ओवून देते. काल ती तशी बसलेली असताना शाळेच्या पाणीवाल्या मावशी आल्या. हातात शाळेचा राखाडी कोट.

"खिशावरचं हे शाळेचं चिन्ह उसवून द्या," म्हणाल्या.

मास्तरांना काय माहीत! ते आपले हसून, "का हो मावशी, बढती झाली वाटतं?"

"झाली. घरी बसायची."

मास्तरांनी मान खाली घातली ती मशीनच्या सुईला नाक लागेपर्यंत. मी कोट घेतला. मावशी म्हणाल्या, "कोट चांगला आहे. दुसरीकडे कुठे लागले तर चालेल. पण चिन्ह असलं की आधी विचारतात, तिथून का सोडलं." मी ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उचलत गेले. चिन्ह निघालं. खाली कापडाचा मूळ रंग तसाच होता, गडद, बाकीचा कोट विटलेला. म्हणजे चिन्ह काढलं तरी जागा बोलत होतीच. मावशी तिथे बोट फिरवत म्हणाल्या, "साबण कशाला घालेन मी? सुट्टीत शाळेला कुलूप असताना मासे उपाशी राहतील म्हणून मागच्या दाराने जाऊन खायला घालत होते. माझी सूनसुद्धा हसायची मला."

मी बघते तर चिंध्यांत मुंगी नाही. जिन्यावर पावलं वाजली. वर जाऊन पाहिलं तर गादीत तोंड खुपसून पडलेली.

चहा टाकला. तर उठून मागे आली आणि म्हणाली, "आजी, मी तुला एक गोष्ट सांगू? मग तू सांगायचं, त्या मुलीने काय करावं."

मी म्हटलं, सांग.

तर गोष्ट अशी. एक शाळा असते. तिथे काचेची टाकी असते. एक मुलगी दुसरीला म्हणते, मासे मळलेत, आपण त्यांना आंघोळ घालू. ती घरून छोट्या बाटलीत शाम्पू आणते. मधल्या सुट्टीत स्टुलावर चढते, दुसरी खालून स्टूल धरते. फेस येतो, छान दिसतो. दुसऱ्या दिवशी मासे उलटे. आणि टाकी पुसणाऱ्या बाईंवर आळ येतो. पहिली मुलगी दुसरीला शपथ घालते, कुणाला सांगायचं नाही. तर आता दुसरीने काय करावं?

मी म्हटलं, "कुठली शाळा गं?"

"गोष्टीतली."

"आणि गोष्टीतल्या त्या बाईंचा कोट कसला होता?"

"राखाडी," म्हणाली आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, जसा काही शब्द परत आत ढकलायचाय. डोळे एवढे झाले. "आता सांगितलं का मी? आजी, आता हे सांगितल्यासारखं झालं का?" तेच तेच विचारत राहिली. मला वाटलं, माराची भीती. म्हटलं, मी कधी मारलंय तुला? त्याने काही फरक पडला नाही.

मग हळूहळू बाकीचं आलं. चढलेली मुलगी म्हणजे दातांच्या डॉक्टरांची. तुला माहीत आहे ती, वेण्यांना दोन दोन रिबिनी. दोघी पहिलीपासून एका बाकावर.

आणि ही गोष्ट तिने आधी तुला सांगितली होती. फोनवर. मासे मेले त्याच्या लगेचच्या रविवारी. मावशी तेव्हा अजून कामावर होत्या. मी शेजारी काजं करत होते, माझं लक्ष नव्हतं, ते असो. मी विचारलं, आई काय म्हणाली? ती म्हणाली, "आई म्हणाली, छान गोष्ट केलीस. मग विचारलं, तिने काय करावं? मी म्हटलं, खरं सांगावं, कारण ज्याचा काही दोष नाही त्याला शिक्षा होणं मैत्रीपेक्षा मोठं आहे. आई म्हणाली, वा! मग मी विचारलं, बरोबर आहे का? आई म्हणाली, इथे बरोबर-चूक काही नसतं राणी, का ते महत्त्वाचं."

म्हणजे सरांनी दोनदा वाचलेलं ते उत्तर हेच.

मी काही म्हणत नाही. तू तुझ्या धंद्याच्या रीतीने वागलीस. शिंप्याला माणूस दिसला की आधी खांदे दिसतात. उद्या मी तिला हाताला धरून शाळेत नेते आणि हा विषय संपवते. मोकळे प्रश्न तू विचार.

सासू


गुरुवार, १८ सप्टेंबर

तुझ्या नवऱ्याचे बूट फाटले होते, ते शिवून घेतले. वरच्या मजल्यावरच्यांचा नळ गळतो तो आपल्या मोरीत. मास्तरांनी नवीन मशीन घेतलं, त्याचा आवाज जुन्याहून जास्त. दुकानात बँडवाल्यांचे कोट आलेत, एकेकाला मुठीएवढी बटणं, काज करताना बोटं वळतात.

बरं, लिहिते. शाळेत जाऊन आले.

मोठ्या बाईंनी खुर्ची दिली. मी म्हटलं, "हिला काही सांगायचंय." मोठ्या बाई पुढे वाकल्या. चांगल्या बोलल्या हो, ओरडल्या वगैरे नाहीत. "काय सांगायचंय बाळ?"

"काही नाही."

"माशांबद्दल," मी म्हटलं आणि कोपराने ढोसलं.

"मला माहीत नाही."

मग मीच सांगितलं. शाम्पू, स्टूल, फेस, सगळं. दातांच्या डॉक्टरांच्या मुलीचंही नाव घेतलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मुंगीला विचारलं, "असं तू म्हणालीस आजीला?"

आणि आपली मुंगी, जिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जात नाही म्हणून तक्रार येते, ती खणखणीत म्हणाली, "ती नुसती गोष्ट होती. आम्ही घरी गोष्टी-गोष्टी खेळतो. माझ्या आईचं तेच काम आहे."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी दुकानात उसवलेलं कापड घेऊन आलेय आणि दुकान त्यांचं नाहीच. म्हणाल्या, "मुलांची कल्पनाशक्ती दांडगी असते आजी. पण अशी दुसऱ्या मुलींची नावं घेऊ नका."

रस्त्यात मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. ती खाली मान घालून चालली होती. मी एवढंच विचारलं म्हण, की तुला खरं बोल असं कुणी शिकवलं नाही का. ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून मी सांगितलं असतं, तर ते तू सांगितल्यासारखं झालं असतं." मी म्हटलं, मग काय बिघडलं? मावशींचं काम तर परत मिळालं असतं! तशाच घरी आलो.

आता ती माझ्याशीही बोलत नाही. पण सुया ओवून ठेवते. सकाळी उठून बघते तर उशीवर सगळ्या ओवलेल्या, काळ्या दोऱ्याच्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. भांडण असलं तरी तेवढं करते. म्हणून मी तिला वाईट म्हणणार नाही, पण मावशींची आठवण आली की म्हणावंसं वाटतं.

तुला वाटेल, "आई आता माझ्याकडे सल्ला मागतील." नाही मागत.

सासू


शुक्रवार, २६ सप्टेंबर

या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या नावाचं पाकीट आलं. पोस्टमन दोनदा विचारत होता, तुम्हीच का? मी म्हटलं, नाही, मशीन.

तू रडलीस असं लिहिलंस. ठीक आहे. रडून झालं असेल तर पुढचं ऐक. लगेच निघून येऊ का, विचारतेस. नको. येशील, तिला कुशीत घेशील, ती गप्प बसेल, तुला वाटेल मिटलं. मावशींचा कोट तसाच राहील.

दुसरं, घरच्या नंबरावरून तुला फोन येतो, कुणी बोलत नाही, मदतनीस हॅलो हॅलो करते आणि फोन बंद होतो, याची तू चौकशी केलीस. तो फोन माझ्या बटव्यात असतो, हुकांच्या पुडीशेजारी. दाबला जात असेल. यापुढे ट्रंकेवर ठेवते.

आता मुंगी. मंगळवारी ती सुई ओवता ओवता एकदम म्हणाली, "आजी, शपथ परत देता येते का?"

इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर मिटलं असतं. "कुणाला?"

"जिने घातली तिला."

"कसली शपथ घातली होती?"

"ते नाही सांगणार."

मी विचार केला. म्हटलं, "घेता येते तर देता का येऊ नये? कापड आवडलं नाही तर परत करतोच की. पण फाडलेलं नसावं."

ती पायात चपला घालून दातांच्या डॉक्टरांकडे निघाली. मी लांबून मागे गेले, मला कोपऱ्यावर बटणं घ्यायचीच होती. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं घर. ती मुलगी जिन्यात आली, वरच्या पायरीवर उभी राहिली, मुंगी खाली. मी बटणांच्या दुकानात उभी राहून ऐकलं. तू तिथे मुलांना लांबून ऐकायला काचेची खोली बांधून घेतलीस, मी दुकानाचं दार धरलं, एवढाच फरक.

"तुझी शपथ परत घे," मुंगी म्हणाली.

"वेडी आहेस का? बाबा मला मारून टाकतील."

"मावशींना काढलंय."

"मग काय झालं, त्या आधीच म्हाताऱ्या होत्या. शपथ म्हणजे शपथ. मोडलीस तर काय होईल माहितीय ना?"

मुंगी उभी राहिली, उभी राहिली, आणि परत आली. मला बघितलं, माझ्या हातातली पिशवी घेतली.

घरी आल्यावर मात्र बोलली. मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण निरोप तुला आहे. "आईला सांग, माझं ते उत्तर खोडायला. मी तसं केलंच नाही. मला माहीत होतं तिला कुठलं उत्तर आवडतं, म्हणून दिलं. मला लहानपणापासून माहितीय. चांगलं उत्तर आलं की ती पेन पटपट चालवते. फोनवर पण ऐकू आलं, पटपट."

मी विचारलं, मग खरं उत्तर काय होतं? ती म्हणाली, "खरं उत्तर मला नव्हतं येत. म्हणून तर गोष्ट सांगितली."

तू लिहिलंस, ते उत्तर तुझ्या लेखात पहिल्याच पानावर आहे, आणि पुढच्या महिन्यात सभागृहात वाचायचंय. तुझं काम काय आहे ते मला पूर्ण कळत नाही आणि ते फालतू आहे असंही मी आता म्हणणार नाही. आधी म्हणायचे. पोरीला गोष्टीत घालून का होईना, अवघड ते बोलता आलं. माझ्या वेळी आम्ही नुसतं गिळायचो. पण ते पान खोटं आहे, सूनबाई. पोरीने स्वतः सांगितलं. काय करायचं ते तू बघ.

सासू


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सांगितलं तिने.

मंगळवारी शाळेतून बोलावणं आलं. मी बँडवाल्यांचा कोट मांडीवरून उतरवला आणि तशीच गेले, पदराला दोरे लागलेले. मोठ्या बाईंच्या खोलीत मुंगी टेबलासमोर उभी. मधल्या सुट्टीत आपली आपण गेली होती. कुणी हाताला धरलं नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "हे तुमच्यासमोर परत सांगू दे." मी खुर्चीत बसले आणि तोंड मिटून बसले. तुमच्या कामात गप्प बसायला शिकवतात ना, ते मला त्या दिवशी पटलं. फार अवघड काम आहे.

मुंगी म्हणाली, "स्टूल मी धरलं होतं. टाकीत शाम्पू गेला, तो मी बघितला. मावशींनी काही केलं नाही."

"वर कोण चढलं होतं?"

"ते मी नाही सांगणार. ते तिचं आहे. माझं एवढंच आहे."

मोठ्या बाईंना नाव माहीत होतं, मीच तर घेतलं होतं मागे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

"नाव सांगितलं नाहीस तर शिक्षा एकटीला होईल."

"हो."

"वर्षभर वाचनालयात पाऊल टाकायचं नाही."

तुला माहीत आहे वाचनालय म्हणजे तिला काय. पण परत म्हणाली, "हो."

मावशींना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. मोठ्या बाईंनी माफी मागितली का, मला माहीत नाही. मागितली असेल तर दार लावून. काल दुपारी मावशी दुकानात आल्या, हातात तोच कोट, खिशात ते चिन्ह. जपून ठेवलं होतं. मी परत शिवून दिलं. गडद जागेवर बरोबर बसवलं, टाके जरा जवळ जवळ घातले. मास्तर या वेळी बढतीबिढती काही बोलले नाहीत.

मुंगी चिंध्यांत बसली होती. तुला वाटेल मावशींनी तिला जवळ घेतलं. छे. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढे दिवस कुठे होतीस गं?"

"घाबरले होते."

"मी पण," मावशी म्हणाल्या, आणि कोट घालून गेल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "नवीन मासे आणणार आहेत. लांबून बघायचे."

दातांच्या डॉक्टरांच्या मुलीने बाक बदलला. आता मुंगी एकटी बसते. घरी येऊन दप्तर टाकलं आणि मला म्हणाली, "बरोबर केलं, मग असं का होतं?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी पहिल्या पायरीवरची. तेव्हा जरा हसली.

आता खरं ते. हे पत्र मी यासाठी लिहितेय, वरचं सगळं त्याच्या आधीचं.

काल संध्याकाळी मी तिला म्हटलं, झालं ना आता सगळं, मग सांग, शपथ कसली होती? काड्यापेटीतला दात वाजवत बसली. मग म्हणाली, "आईशपथ."

मी म्हटलं, ती तर सगळेच घेतात. भाजीवालासुद्धा वांगी ताजी आहेत म्हणून घेतो.

"तशी नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून घातली. सांगितलंस तर तुझी आई मरेल."

सूनबाई, म्हणून पोर बोलत नव्हती. तुला फोनवर गोष्ट केली ती का? गोष्ट म्हणजे सांगणं नव्हे, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. गोष्ट सांगितली तर तू मरत नाहीस, आणि तू आई आहेस म्हणून तुला आपोआप कळेल. तुला कळलं नाही. मग मावशींना काढलं, आणि ती तुझ्या फोनपासून पळायला लागली, तोंडून निसटेल म्हणून. माझ्यापुढे "राखाडी" निसटलं तेव्हा तोंड दाबून धरलं, ते मारासाठी नव्हतं. मी शाळेत ओढत नेलं तेव्हा खणखणीत खोटं बोलली ते त्या पोरीसाठी नव्हतं. आणि मी रस्त्यात तिला काय काय बोलले.

बटव्यात फोन दाबला जात नव्हता. ती लावत होती. तू आहेस का ते बघायला. रविवारी बाप तुझ्याशी बोलतो तो रविवारपुरता, सोमवारचं काय? तर लावायची, आणि उचलायची ती तुझी मदतनीस. "मॅडम मुलांबरोबर आहेत." त्यावर हिने काय विचारायचं? आई जिवंत आहे का, असं परक्या बाईला विचारता येत नाही. म्हणून बंद करायची. आणि परत लावायची.

मी म्हटलं, "अगं, मग मंगळवारी गेलीस कशी मोठ्या बाईंकडे?"

ती म्हणाली, "मावशी पण कुणाची तरी आई आहेत. आणि मी नाव नाही सांगितलं. अर्धंच सांगितलं. मला वाटलं, अर्ध्याने आई फक्त आजारी पडेल."

तुझ्या पायऱ्यांमध्ये ही कुठे बसते, ते तू बघ. मी रात्रभर बसवत होते, मला नाही बसवता आली. तिथे मोजायला मी कशाला बसले, तेही मला कळलं नाही.

शपथेने कुणी मरत नाही, हे मी तिला सांगून झालंय. बापानेही सांगितलं. तिला आमचा शब्द पुरत नाही. लगेच फोन लावते म्हटलं, तर नको म्हणाली. आधी पत्र लिही म्हणाली. "आजी, सांगणारी तू, शपथ तुला नाही. आईला सगळं कळलं की मग फोन मी करणार." असा हिशेब आहे तिचा, आणि मी तो मोडणार नाही. मागच्या वेळी मोडून पाहिलं. तोवर काल रात्री नवऱ्याने तुझ्याशी मुद्दाम मोठ्याने बोलून घेतलं, तू कशाला तरी हसलीस, ते हिने दारामागून ऐकलं. तेवढ्यावर चार दिवस निघतील.

तर आता मी सांगते तसं करायचं. खोकला, सर्दी, डोकेदुखी, काही झालं असलं तरी तिला कळू द्यायचं नाही. ते पान खोडायचं. पत्र पोचलं की त्या दिवसापासून दुपारी शाळा सुटण्याच्या वेळेला फोन जवळ ठेवायचा, सर असोत, सभागृह असो, दुसऱ्यांची मुलं असोत. घरचा नंबर दिसेल. कुणी बोलणार नाही. बंद करायचा नाही, तूच बोलायचं. मग ती विचारेल, मी बरोबर केलं का. तेव्हा हो म्हण किंवा नाही म्हण, पण म्हण. तिला "का" विचारलंस तर मी ट्रंकेवरचा फोन खिडकीतून टाकेन.

मला उत्तर लिहू नकोस, मला नको आहे. नवऱ्याला लिहू नकोस. आणि त्या मदतनीस बाईला सांगून ठेव, त्या वेळेला वाजणाऱ्या फोनला हात लावायचा नाही. तो तूच उचलायचा.

सासू